तुमच्या पत्रातली एक ओळ

‘आदरणीय ताई,
मी ४३ वर्षांची आहे. नाशिकला एका बँकेच्या शाखेत काउंटरवर काम करते. जानेवारीत इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं आणि परत आले ती वेगळीच होऊन. पहाटे साडेचारला उठून तासभर बसते. संध्याकाळी सातला पुन्हा बसायचं असतं, पण नेमका तेव्हाच सासूबाईंचा हरिपाठ सुरू होतो, तोही मोठ्याने, टाळ्या वाजवत. मी दार लावून घेते. चहा सोडला, कांदा-लसूण सोडला, रात्रीचं जेवण सोडलं. व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडले. पुतण्याच्या हळदीला गेले नाही, त्या गोंगाटात मन ढवळून निघतं. घरचे म्हणतात, तू कोरडी झालीस. नवरा समजूतदार आहे, मुलाचा डबाही हल्ली तोच करतो. पण परवा तोही म्हणाला, “तू घरात असून नसतेस.” मुलगा दहावीत आहे. मला खरंच पूर्वीसारखं हसू येत नाही, रडूही येत नाही. हेच वैराग्य का? नोकरीत मन रमत नाही. विम्याचं टार्गेट असतं. गेल्या आठवड्यात एका निवृत्त काकांच्या ठेवीच्या पैशांतून पॉलिसी काढून दिली, थोडं वाईट वाटलं, पण मी समता ठेवली. स्वेच्छानिवृत्ती घेऊन दीर्घ शिबिरं करावीत, केंद्रावर सेवा द्यावी असं फार वाटतं. अध्यात्मात पुढे जायचं तर हे सगळं सोडावंच लागतं ना?
– एक साधिका, नाशिक’

प्रिय साधिका,

तुमचं मूळ पत्र आठ पानांचं आहे. वर दिलाय तो त्याचा सारांश. मी ते तीनदा वाचलं. कांदा-लसणावर त्यात एक अख्खं पान आहे, सासूबाईंच्या टाळ्यांवर दीड पान आहे. आणि त्या निवृत्त काकांवर एक ओळ. मी प्रत्येक वेळी त्या एका ओळीपाशी येऊन थांबले. पत्राखाली तुम्ही नंबर दिला होता म्हणून न राहवून फोन केला. तुम्ही मोकळेपणाने बोललात, त्याबद्दल आभार. तुमच्या परवानगीने त्यातलं थोडं इथे लिहिते.

काका आपली मुदत संपलेली ठेव पुन्हा ठेवायला आले होते. तीन लाख रुपये. त्यांना सांगितलं गेलं की ही एफडीसारखीच योजना आहे, व्याज जरा जास्त मिळेल, वर विमाही. त्यांनी सही केली. ठेवीतून पहिल्या वर्षाचा एक लाखाचा हप्ता गेला, उरलेले दोन लाख बचत खात्यात पडून आहेत. हप्ता दहा वर्षं भरायचा आहे आणि काकांना पेन्शन आहे महिन्याला चोवीस हजार. हप्ता दरवर्षी आहे हे त्यांना कळलंय का, असं मी विचारलं. तुम्ही बराच वेळ गप्प राहिलात आणि मग म्हणालात, “बहुतेक नाही.”

आता समतेबद्दल, म्हणजे जे होतंय ते मन ढळू न देता पाहण्याबद्दल. शिबिरात चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना पाहण्याची साधना, देतात, त्यानंतर अधिष्ठानाच्या बैठका सुरू होतात. तासभर हात उघडायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. गुडघा पेटतो. तो पेटलेला गुडघा आपण नुसता पाहत बसतो, आणि मग तो कधीतरी विझतो. हे मोठं शिक्षण आहे आणि ते तुम्ही प्रामाणिकपणे घेतलंय, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती समता तुमच्या गुडघ्यासाठी होती. काकांच्या तीन लाखांसाठी नव्हती. आपल्या दुखण्याकडे शांतपणे पाहणं ही साधना झाली. दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानाकडे, त्यातही आपल्याच हातून होणाऱ्या, तितक्याच शांतपणे पाहिलं तर त्याला आपल्याकडे साधा शब्द आहे: कानाडोळा.

त्या शिबिरात दहा दिवसांची सुरुवात कशाने झाली ते आठवा. श्वासाने नाही. पहिल्याच संध्याकाळी तुमच्याकडून पंचशील घेतलं गेलं. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. महाराष्ट्रात १४ ऑक्टोबर १९५६ च्या बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेनंतर लाखो घरांत लहान मुलं हे पंचशील तोंडपाठ म्हणत मोठी झाली आहेत, त्यांतल्या कितीतरी घरांत ध्यानाला कोणी कधी बसलेलं नाही. पण ते शब्द घरात आहेत. तुमच्या मार्गातही क्रम शील, समाधी, प्रज्ञा असाच लावलेला आहे आणि तो उगाच लावलेला नाही. शील हा ओटा आहे. ओटा खचला की वर कितीही पहाटे उठून बसा, बैठक डुगडुगतेच. तुम्ही लिहिलंय की गेल्या आठवड्यापासून मन एकाग्र होत नाही, आणि दोष टाळ्यांना दिलाय. मला वाटतं टाळ्यांचा त्यात फारसा हात नाही. पाणी दुसरीकडे मुरतंय.

तुम्ही म्हणाल, ताई, मला प्रतिक्रिया द्यायची नव्हती. बरोबर आहे, पण त्या शिकवणीतच प्रतिक्रिया आणि कृती यांत फरक केलेला आहे. मॅनेजरने सकाळच्या मीटिंगमध्ये टार्गेटचा तक्ता दाखवला, तुमच्या पोटात गोळा आला. तो गोळा दिसला, तुम्ही तडतडला नाहीत. इथवर छान. साधनेने तुम्हाला तिथे दोन-तीन श्वासांची मोकळी जागा दिली, पूर्वी ती नव्हती. त्या जागेचं पुढे काय केलं, हा खरा प्रश्न आहे. तुम्ही त्या जागेत बसून राहिलात. तीच जागा होती शांतपणे म्हणायची, “सर, मी पॉलिसीची माहिती देईन, पण हप्ता दरवर्षी आहे हे सांगूनच देईन.” आवाज न चढवता, डोळ्यांत पाणी न आणता हे म्हणता यावं यासाठीच तर ते दहा दिवस असतात.

नोकरी आणि साधना यांचं वैर आहे, हा समज तुमच्या मनात पक्का बसलेला दिसतो. तुमच्याच परंपरेतला माणूस घ्या. ही विपश्यना भारतात आणणाऱ्या सत्यनारायण गोएंकांचा जन्म १९२४ चा, ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. पुढे रंगूनमध्ये ते मोठे व्यापारी झाले आणि अर्धशिशीने हैराण असताना या मार्गाला लागले. ते ज्यांच्याकडे शिकले ते सयाजी ऊ बा खिन भिक्षू नव्हते. सरकारी हिशेबनीस होते. ब्रह्मदेश १९४८ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा ते तिथले महालेखापाल झाले. घर होतं, बायको-मुलं होती, टेबलावर फायली होत्या. एका वेळी एकाहून जास्त खात्यांचा भार त्यांनी सांभाळला. कचेरीतल्या माणसांना त्यांनी ध्यान शिकवलं, १९५२ मध्ये रंगूनला केंद्र उभं केलं, आणि त्यानंतरही अनेक वर्षं सरकारी काम केलं. लाच न घेणारा, न चालू देणारा अधिकारी म्हणून त्यांचं नाव होतं. आज इगतपुरीत हजारो लोक ज्या पद्धतीने डोळे मिटून बसतात, ती त्यांच्यापर्यंत पोचवण्यात आकडेमोड करणाऱ्या या गृहस्थाचा मोठा वाटा आहे. तुम्हीही आकडेमोडच करता. काउंटरवर बसून.

म्हणून स्वेच्छानिवृत्तीला आत्ता माझं स्पष्ट ‘नको’ आहे. एक तर घराच्या कर्जाचे सहा वर्षांचे हप्ते बाकी आहेत असं तुम्हीच सांगितलंत, आणि मुलगा दहावीत आहे. दुसरं म्हणजे दीर्घ शिबिर एका दहा दिवसांच्या शिबिरानंतर मिळतच नाही. त्याआधी आणखी शिबिरं आणि बराच काळ नियमित साधना लागते, आणि ही अट मला फार शहाणपणाची वाटते. पण खरं कारण तिसरंच आहे. तुम्ही आज नोकरी सोडली तर ते सोडणं काकांपासून पळणं होईल. काही वर्षांनी, मुलगा मार्गी लागल्यावर, मन शांत असताना हाच विचार आला तर मला जरूर लिहा, कदाचित मी तेव्हा ‘हो’ म्हणेन.

मी स्वतः बऱ्याच वर्षांपूर्वी तिथे दहा दिवस बसले आहे. शेवटच्या सकाळी बाहेर पडून इगतपुरी स्टेशनवर आले. वड्यांच्या तेलाचा वास, चहावाल्यांच्या हाका, फलाटावर एक लेकरू गळा काढून रडत होतं. सगळं सालटं काढल्यासारखं अंगावर आलं. मागे वळून त्या डोंगराच्या पायथ्याशी परत जावं असं मलाही वाटलं होतं, अगदी मनापासून. त्यामुळे तुमची ओढ मला परकी नाही. पहिले काही महिने माणूस सोललेला असतो. अशा दिवसांत आयुष्याचे मोठे निर्णय घेऊ नयेत, एवढंच मी त्यातून शिकले.

चहा, कांदा, लसूण, रात्रीचं जेवण: सोडायचं तर सोडा. त्याने कोणाचं बिघडत नाही, फक्त त्यापायी घरात दोन स्वयंपाक होत असतील तर दुसरा कोण करतंय ते पाहा. व्हॉट्सॲपचे ग्रुप सोडलेत ते तर उत्तमच. हळदीला मात्र जायला हवं होतं. आता त्या पोराच्या घरी नव्या सुनेला भेटायला जा, जावेशी दोन शब्द बोला, विषय संपेल.

आता सासूबाई. फोनवर कळलं की त्या ७६ वर्षांच्या आहेत, गळ्यात तुळशीची माळ आहे, पंचवीसेक वर्षं आषाढीची वारी चुकली नव्हती. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं आणि वारी थांबली. हे पत्रात नव्हतं. पत्रात फक्त टाळ्या होत्या. जिची वाट पंढरपूरपर्यंत जात होती तिची वाट आता पलंगापासून देवघरापर्यंत आली आहे, आणि सातच्या ठोक्याला ती तेवढी वाट चालते. टाळ धरायला बोटांत जोर नाही म्हणून टाळ्या वाजवते. आणि तिच्या आवाजावर तुमचं दार लागतं. ते दार लागल्याचा आवाज त्यांना ऐकू जातो, याबद्दल मला खात्री आहे.

तेरच्या गोरोबांची गोष्ट त्यांनी तुम्हाला सांगितली असेल, नसेल तर विचारा. गोरोबा चिखल तुडवत होते. बायको पाण्याला गेली होती, जाताना रांगतं मूल त्यांच्यावर सोपवून. नामात असे रंगले की मूल रांगत चिखलात आलं ते कळलंच नाही आणि पायाखाली तुडवलं गेलं. परंपरा ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगते, शेवटी विठ्ठल मूल परत देतो. मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले आणि प्रत्येक वेळी माझं मन गोरोबांपेक्षा त्या घागर घेऊन परतणाऱ्या बाईपाशी जातं. ती दारात आली, तिने चिखल पाहिला. आपल्या परंपरेचं मोठेपण मला यात वाटतं की परंपरेने ही किंमत लपवली नाही. तंद्री लागली की पायाखाली काय आलं ते कळत नाही, मग ती तंद्री देवाच्या नावाची का असेना. सजगता म्हणजे नेमकी याच्या उलट गोष्ट. तुमचा मार्ग तर सजगतेचाच आहे. ‘तू घरात असून नसतेस’ हे वाक्य तुमच्या समजूतदार नवऱ्याच्या तोंडून आलंय. ते तक्रार म्हणून ऐकू नका. तुमच्या साधनेबद्दल आजवर मिळालेला हा सगळ्यात नेमका अभिप्राय आहे असं समजून ऐका.

व्यवहारात काय करायचं? संध्याकाळची बैठक साडेआठला न्या. रात्री तुम्ही जेवत नाही, तेव्हा तो वेळ तुमचा आहेच. घरच्यांची पानं वाढून झाली की खोलीत जा, दार लावा, एक तास कोणी हाक मारायची नाही, असं नवऱ्याला आणि मुलाला सांगून ठेवा. हा तास तुमच्या हक्काचा आहे आणि तो कोणासाठीही सोडू नका. बायकांच्या साधनेचा वेळ घरात सगळ्यांत आधी कापला जातो, ते मी होऊ देणार नाही. मात्र सातला सासूबाईंच्या शेजारी बसा. फोनवर तुम्ही म्हणालात, आम्हाला दोन पद्धती एकत्र करू नका असं सांगितलंय. खरं आहे, तसं सांगतात आणि त्यामागे कारण आहे. पण तुम्हाला नामजप करायला मी सांगतच नाही. ७६ वर्षांच्या बाईच्या शेजारी पाटावर बसायला, त्यांचा चष्मा पुसून द्यायला, समई लावायला कोणतीच पद्धत आड येत नाही. तरी मनात किंतु राहिला तर केंद्राच्या सहायक आचार्यांना विचारा, पण माझा अंदाज आहे की तेही हेच सांगतील. तुमच्या शिबिराचा दहावा दिवस मंगल मैत्रीचा होता. सगळे प्राणी सुखी होवोत, असं म्हणताना ते प्राणी दूर कुठेतरी असतात असं आपल्याला वाटत राहतं. एक प्राणी देवघरापाशी बसून टाळ्या वाजवतो आहे.

तुमच्या ‘हेच वैराग्य का?’ या प्रश्नाकडे मी सगळ्यांत काळजीने पाहते. हसू येत नाही, रडू येत नाही. फोनवर हेही कळलं की झोप जेमतेम चार तास लागते आणि वजन सहा किलोने उतरलंय. मला माहीत असलेल्या खऱ्या विरक्त माणसांच्या डोळ्यांत ओल असते, त्यांना लेकरू पाहून हसू येतं. सगळंच बधिर झालं असेल, जेवण-झोप कमी झाली असेल आणि हे कित्येक आठवडे चाललं असेल, तर ते नैराश्यही असू शकतं. त्यात कमीपणा काही नाही आणि साधनेचा पराभवही नाही. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, त्यांना शिबिराबद्दल, झोपेबद्दल, वजनाबद्दल सगळं सांगा. त्याआधी कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं, दिवसा-रात्री केव्हाही. आणि डॉक्टर काय सांगतात ते कळेपर्यंत पुढच्या शिबिराचा अर्ज भरू नका. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही, मोठ्या बहिणीच्या हक्काने लिहिते आहे.

राहिले काका. त्यांच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. पॉलिसीची कागदपत्रं हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात, आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्यासाठी विमा कंपनीला लेखी अर्ज द्यायचा. जितके दिवस विमा चालू होता तितक्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि स्टॅम्प ड्यूटी, एवढं कापून हप्ता परत येतो. मोजणी कागदपत्रं मिळाल्याच्या तारखेपासून, ईमेलने आली असतील तर ईमेलच्या तारखेपासून. काकांना पॉलिसी समजावून सांगा: हप्ता दरवर्षी एक लाख, दहा वर्षं, मधेच सोडली तर काय होतं. मग ते म्हणाले की मला हवीच आहे, तर तो त्यांचा निर्णय. नको म्हणाले तर अर्ज लिहायला मदत करा आणि त्यावर पोच घ्यायला सांगा.

याची किंमत पडेल, हे मी झाकून ठेवणार नाही. टार्गेट हुकेल. मॅनेजर बोलतील, कदाचित बदलीचं सुचवतील, गोपनीय अहवालात काहीतरी लिहिलं जाईल. बोलणं लेखी ठेवा, युनियनमध्ये असाल तर तिथे आधीच कानावर घाला, नवऱ्याला विश्वासात घ्या. पोटात गोळा येईल, तो कसा पाहायचा ते तुम्ही शिकून आलाच आहात. शाखेत अशी एक बाई असली की तिच्या काउंटरसमोरची म्हाताऱ्या माणसांची रांग हळूहळू लांब होत जाते, हे मी पाहिलं आहे.

बँकेतून फोन करून सांगू नका, फोनवर काकांना ते नीट कळणार नाही. त्यांचं घर शाखेपासून दोन गल्ल्यांवर आहे म्हणालात. सुटल्यावर जा. चष्मा लावून पॉलिसीच्या पहिल्या पानावरची तारीख दोघांनी मिळून वाचा. काकू आतून विचारतील, मुली, चहा टाकू का? टाका म्हणा. आणि घ्या तो.